ध्वनिमुद्रिकेची पुष्पिका : चकती, पाकीट व मुखचित्र

पोथी हातीं आली कीं आपण प्रथम तिचें शेवटचें पान उलटतों. ग्रंथ कोणता हें सावकाश पाहतां येतें. परंतु ती प्रत कोणीं लिहिली, कोणासाठीं लिहिली, कोणत्या शकांत व कोणत्या गांवीं लिहून पुरी झाली, हें कळावयास पुष्पिकेवांचून दुसरा मार्ग बहुधा नसतो. पुष्पिका नसलेली पोथी आपण टाकून देत नाहीं. पण तिच्यावर सिद्धांत उभारतांना हात आखडता घेतों. हाच नियम ध्वनिमुद्रिकांस लावला तर काय दिसतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. ध्वनिमुद्रिकेच्या मध्यावरची कागदी चकती, तिचें पाकीट, आणि पुढें त्या पाकिटावर आलेलें मुखचित्र ह्यांची चर्चा होते ती बहुतकरून शोभेच्या अंगानें. चित्र रेखीव आहे कीं नाहीं, अक्षरांस डौल आहे कीं नाहीं, येथेंच ती थांबते. आमच्या मतें ह्या वस्तूंची खरी कसोटी निराळी आहे. गाणें ऐकून जें कळत नाहीं तें सांगणें हें वेष्टनाचें पहिलें कर्तव्य होय; तें न करणारें वेष्टन दिसावयास कितीही सुंदर असलें तरी सदोषच समजावें.

बाजारांत विकावयाच्या मालावरील कागदास ऐतिहासिक साधनांत स्थान द्यावें काय, अशी शंका कोणी घेईल. इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग ह्यानें कलकत्त्यास मुद्रणें केलीं. थोडे अपवाद वगळले तर त्यापूर्वींच्या आपल्या गवयांची गायकी आपणांस केवळ आख्यायिकांवरून व बंदिशींच्या वह्यांवरून ठाऊक आहे; त्यानंतरची मात्र प्रत्यक्ष कानांनीं ऐकतां येते. तेव्हां गायनाच्या इतिहासाचें अस्सल साधन म्हणून जें कांहीं आहे तें ह्या लाखेच्या तबकड्यांतच आहे. अस्सल कागदाचा कर्ता व काळ ठरविणारी एखादी चिठ्ठी कितीही क्षुद्र असली तरी दप्तर चाळणारा मनुष्य ती फेंकून देत नाहीं. तोच न्याय येथेंही लागू करावा.

कलकत्त्याच्या त्या मुद्रणांत गौहर जान ही गायिका प्रमुख होती. तबकडी एका बाजूचीच, वेळ दोन-तीन मिनिटांची. वेळ सरत आली कीं ती गाणें आवरतें घेते आणि लगेच इंग्रजींत आपलें नांव मोठ्यानें उच्चारते. आज ऐकणारास ह्याची गंमत वाटते, व पुष्कळांनीं तो त्या गायिकेचा नखरा मानिला आहे. त्याचें कारण दिलें जातें तें अगदीं व्यावहारिक आहे. मूळ मुद्रण जर्मनींत हानोव्हर येथें जाई, तेथें साचे व तबकड्या तयार होत, आणि तेथील कामगारांस आपल्याकडील भाषेचें अक्षरही कळत नसे; गाणें कोणाचें हें त्यांस निश्चित समजावें व चकतीवर भलतें नांव छापलें जाऊं नये, म्हणून ही घोषणा. मराठेशाहींतील पत्राच्या शेवटीं मोर्तब उमटवीत, त्याचा हेतु येथें तंतोतंत साधलेला आहे. लेख येथें संपला, ह्यापुढें कोणी कांहीं घुसडूं नये, आणि लेख अमक्याचा. इ. स. १९०८ मध्यें कलकत्त्यास सियालदा येथें कारखाना निघाला, नांवें लिहून घेण्याची व्यवस्था सुधारली, आणि ही चाल हळूहळू मागें पडली. सोय झाली खरी. पण जी साक्ष आवाजांतच कोरलेली होती ती कागदावर आली, आणि कागद फाटतो, बदलतां येतो, चुकीचाही छापला जातो.

त्या पहिल्या चकत्यांवर काय होतें? क्रमांक, गाणाराचें नांव, बहुधा त्याचें गांव, भाषा व गाण्याचा प्रकार. गौहर जानच्या नांवापुढें ‘कलकत्त्याची पहिली नर्तकी’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापलेले आढळतात. गायिकेस नर्तकी म्हणणें हें कंपनीच्या अज्ञानाचें द्योतक म्हणून कोणी हंसेल. पण त्या वेळीं विकणाराच्या दृष्टीनें ती कोण होती, हें त्या दोन-तीन शब्दांत जितकें स्पष्ट उमटलें आहे तितकें एखाद्या लांबलचक चरित्रांतही उमटणार नाहीं. पुढें कांहीं नांवांपुढें ‘अमॅच्युअर’ हा शेरा येऊं लागला. गाणें हा ज्यांचा धंदा नव्हे त्यांस धंदेवाईकांपासून वेगळें दाखविण्याची ही युक्ति. कोणास कोणत्या पंक्तीस बसवावयाचें ह्याचा त्या काळचा हिशेब ह्या एका शब्दांत नोंदला गेला आहे. नुसत्या शोभेच्या दृष्टीनें पाहणारास ह्या चकत्यांत कांहीं सांपडणार नाहीं. काळ्या किंवा तांबड्या जमिनीवर सोनेरी टाइपांतील चार ओळी, एवढेंच त्यांचें रूप. परंतु पुष्पिका या नात्यानें त्या पुढील अनेक रंगीत मुखपृष्ठांहून सरस आहेत.

तरीही चकती हा दुय्यम पुरावाच होय. अस्सल पुरावा तिच्या भोंवतीं, जेथें खांचा संपतात त्या गुळगुळीत कड्यांत, लाखेवरच उमटलेला असतो. तो म्हणजे साच्याचा क्रमांक. चकतीवरचा क्रमांक विक्रीच्या यादीचा, आणि लाखेवरचा प्रत्यक्ष मुद्रणाचा. जुन्या ग्रामोफोन कंपनीच्या साच्यांवर आंकड्याबरोबर एक अक्षरही असे, व त्यावरून मुद्रण करणारा तज्ज्ञ कोण हें कळे. म्हणजे लेखकूची सहीच म्हणावयाची. ऑस्ट्रेलियांतील संशोधक मायकेल किनियर ह्यांनीं १८९९ ते १९०८ ह्या काळांतील भारतीय मुद्रणांची सूची १९९४ मध्यें प्रसिद्ध केली. अशा सूचीस आधार असतो तो ह्या क्रमांकांचा, चकतीवरील शोभेचा नव्हे. अब्दुल करीम खां ह्यांचीं १९३४ नंतरचीं मुद्रणें प्रथम ओडियनच्या चकतीखालीं निघालीं व तींच पुढें कोलंबियाच्या चकतीनें विकलीं गेलीं. केवळ चकती पाहून यादी करणारा एकाच गाण्याचीं दोन गाणीं करील. लाख वाचणारा तसें करणार नाहीं.

चित्रांकडे वळण्यापूर्वीं ह्या धंद्याच्या दोन चिन्हांविषयीं लिहिणें अवश्य आहे. पहिलें देवदूताचें. पंख असलेलें एक बालक तबकडीवर बसून पिसाच्या लेखणीनें तिच्यावर लिहीत आहे, असें तें चित्र १८९८ मध्यें घेतलेलें. ध्वनीची नोंद म्हणजे लेखन, आणि तबकडी म्हणजे लेख, ही कल्पना त्यांत आहे; पोथ्या गोळा करणारास तें चिन्ह जवळचें वाटल्यास नवल नाहीं. परंतु जगभर प्रसिद्धि मिळाली ती दुसऱ्या चिन्हास, म्हणजे कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्यास. हें चित्र फ्रान्सिस बरो ह्या इंग्रज चित्रकाराचें. त्यानें तें प्रथम काढलें तेव्हां कुत्र्यापुढें तबकडीचें यंत्र नव्हतेंच. एडिसनच्या पद्धतीचें नळकांड्याचें यंत्र होतें. १८९९ मध्यें ग्रामोफोन कंपनीनें चित्र घेण्याचें कबूल केलें तें जुनें यंत्र पुसून त्या जागीं आपलें यंत्र रंगविण्याच्या अटीवर. चित्राबद्दल ५० पौंड व त्याच्या हक्काबद्दल ५० पौंड दिले. मूळ चित्रावर प्रकाश विशिष्ट दिशेनें पडला असतां वरच्या रंगाखालीं पहिल्या यंत्राची आकृति अजून दिसते. हरताळ लावून अक्षर पुसावें, त्यावर दुसरें लिहावें, आणि तरी पहिलें अक्षर उन्हांत धरल्यावर वाचतां यावें, तसाच हा प्रकार आहे. देवदूत लिहीत होता, कुत्रा ऐकत आहे. एका चिन्हांत नोंद करणारास मान होता, दुसऱ्यांत ग्राहकास. विक्रीस दुसरें अधिक उपयोगी पडलें, हें सांगावयास नको.

पाकिटांचा विचार थोडक्यांत करतां येईल. तीं साध्या जाड कागदाचीं असत, मध्यें वाटोळें भोंक असे व त्यांतून चकती दिसे. भोंवतालच्या जागेंत यंत्रांच्या, पिनांच्या व दुकानांच्या जाहिराती. चित्र म्हणून त्यांची किंमत बेताचीच. पण दुकानदाराचा शिक्का, ग्राहकानें शाईनें लिहिलेलें नांव, क्वचित् खरेदीची तारीख, ह्या गोष्टी तबकडी कोणत्या गांवांतून कोणत्या घरांत गेली हें सांगतात. अडचण एवढीच कीं पाकीट व तबकडी ह्यांची जोडी टिकत नाहीं. प्रस्तुत लेखकाजवळ जुन्या बाजारांत घेतलेल्या ज्या थोड्या तबकड्या आहेत, त्यांपैकीं निम्म्याअधिक एका कंपनीच्या व दुसऱ्या कंपनीच्या पाकिटांत आहेत. रुमालाबाहेरील चिठ्ठीवर एक प्रकरण आणि आंत भलतेच कागद, हा अनुभव दप्तरखान्यांत बसणारास नवा नाहीं. म्हणून पाकिटावरून तबकडीविषयीं अनुमान करूं नये. परंतु कळकट झालें म्हणून पाकीट फेंकूनही देऊं नये. दोहोंची स्वतंत्र नोंद ठेवावी. १९९० मध्यें मुंबईस स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या संस्थेमुळें तबकड्यांकडे लक्ष गेलें. पाकिटांच्या वांट्यास अजून रद्दीचाच दर येतो.

येथपर्यंत सांगितलेले दोष अनवधानाचे आहेत. आतां जो सांगावयाचा तो गंभीर आहे. जुन्या चकत्यांवर एक गोष्ट बहुधा नसे, ती म्हणजे तबकडी मिनिटास किती फेऱ्यांनीं फिरवावी हें. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांचें मान आज सर्वत्र गृहीत धरतात. पण आरंभींचीं मुद्रणें सत्तरपासून ऐंशीच्या पुढेंपर्यंत वेगवेगळ्या गतीनें झालेलीं आहेत. समजा, मुद्रण ७२ फेऱ्यांनीं झालें व आपण तें ७८ फेऱ्यांनीं लाविलें, तर स्वर अर्धस्वराहूनही अधिक चढतो. काळी एकमध्यें गाइलेलें गाणें पांढरी दोनच्याही वर जातें. लय चढते ती निराळीच. अशा तबकडीवरून एखाद्या गवयाचा आवाज उंच व पातळ होता, त्याची तान विलक्षण जलद होती, असें लिहिणारे लिहून गेले, आणि त्यांचें वाचून पुढल्यांनीं तेंच म्हटलें. एका आंकड्याच्या अभावीं गायकाच्या गळ्याविषयींच खोटी साक्ष उभी राहते. तो आंकडा छापावयास जागा लागती ती अर्ध्या इंचाची.

नांव नाहींसें होण्याचें ठळक उदाहरण चित्रपटाच्या काळांतील आहे. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटांतील ‘आयेगा आनेवाला’ हें गाणें लता मंगेशकर ह्यांनीं गाइलें. पण मूळ तबकडीच्या चकतीवर गायिकेचें नांव छापलें तें ‘कामिनी’. कामिनी हें चित्रपटांतील पात्राचें नांव. नभोवाणीवरून गाणें लागूं लागलें, श्रोते गायिकेचें नांव विचारूं लागले, आणि मग खरें नांव बाहेर आलें. ह्या प्रकरणांत गायिका पुढें इतकी मोठी झाली कीं चकतीचा खोटेपणा आपोआप उघडा पडला. परंतु जी कामिनी लता झाली नाहीं, तिचें काय? तिची चकती हातीं आल्यास आपण पात्राच्याच नांवानें नोंद करणार, व ती चूक दुरुस्त करणारा कोणी उरलेला नसणार. साथीदारांची स्थिति तर ह्याहून वाईट. ख्यालाच्या तबकडीवर सारंगी स्पष्ट ऐकूं येते, कित्येकदां गळ्याइतकीच गोड असते. चकतीवर मात्र वाजविणाराचा पत्ता नसतो.

ह्यानंतर चित्राचा काळ येतो, व तो अमेरिकेंतून येतो. मोठी रचना एका तबकडीवर मावत नसे, म्हणून तीन-चार तबकड्या पुस्तकासारख्या बांधणींत घालून विकीत. ओडियन कंपनीनें १९०९ मध्यें चायकोव्हस्कीची एक रचना अशी चार तबकड्यांवर काढली होती. ह्या बांधणीस आल्बम म्हणत, व तबकडी एकच राहिली तरी तें नांव आजवर चिकटून राहिलें आहे. आल्बमांचे पुठ्ठे करडे किंवा तपकिरी, त्यांवर नुसतें नांव ठसविलेलें. १९३९ मध्यें कोलंबिया कंपनीनें आलेक्स स्टाइनवाइस ह्या तरुण चित्रकारास कामास घेतलें, आणि पुठ्ठ्यावर गाण्यास अनुरूप चित्र असावें हें त्यानें मालकांच्या गळीं उतरविलें. १९४० मधील त्याच्या पहिल्या मुखपृष्ठासाठीं त्यानें न्यूयॉर्कमधील एका नाटकगृहाच्या दर्शनी फलकावरील अक्षरें थोड्या वेळापुरतीं बदलवून तेथें रॉजर्स व हार्ट ह्या गीतकारद्वयाचीं नांवें लाविलीं व त्याचें छायाचित्र घेतलें. कर्त्यांचें नांव हेंच चित्र, अशी ही योजना. आमच्या मतें ती फार चांगली आहे. चित्राचा मोह व कर्त्याची ओळख ह्यांचा तेथें झगडा नाहीं.

झगडा पुढें झाला. पण तो अटळ नव्हता. १९५६ पासूनच्या ब्लू नोट कंपनीच्या जॅझ संगीताच्या मुखपृष्ठांवर रीड माइल्स ह्यानें अक्षरें व फ्रान्सिस वुल्फचीं छायाचित्रें ह्यांची जी मांडणी केली ती आजही आदर्श मानतात. त्याच आवरणाच्या पाठीवर प्रत्येक वादकाचें नांव व त्याचें वाद्य, मुद्रण करणारा रूडी व्हॅन गेल्डर, छायाचित्रकार, इतकेंच नव्हे तर मुखपृष्ठ रचणाराचेंही नांव दिलेलें असतें. पुढें मोहक चित्र, मागें चोख पुष्पिका.

आपल्याकडे दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकड्या रूढ झाल्या तेव्हां बारा इंचांचें चौरस आवरण मिळालें. पूर्वींच्या चकतीच्या कित्येक पट जागा. तिचा उपयोग काय केला? दर्शनी बाजूस गवयाचें छायाचित्र, मांडीवर तंबोरा, डोळे मिटलेले. मागें इंग्रजींत रागाची स्तुति, गवयाच्या घराण्याची स्तुति, आणि त्यानें कोठें कोठें मानसन्मान मिळविले त्याची यादी. मुद्रण कोणत्या तारखेस झालें हें बहुतेक आवरणांवर नाहीं. ज्यांत जुन्या तीन मिनिटांच्या तबकड्यांतील नाट्यपदें एकत्र करून पुनः काढलीं, अशा आवरणांवर मूळ क्रमांक नाहीं, मूळ साल नाहीं. नक्कल करणारानें ‘अस्सल बरहुकूम’ असा शेरा तरी मारावा. येथें तोही नाहीं. मागच्या बाजूचे हे निबंध लिहिणारांत जाणते लोक होते, हें मान्य आहे. त्यांस कोणी तारीख विचारली नाहीं, एवढाच ह्याचा अर्थ. पुढें कॅसेटीच्या डबींत घडीचा कागद आला, नंतर सीडीबरोबर छोटी पुस्तिका आली. तेथें जागा कमी असूनही कांहींनीं माहिती नीट दिली. आतां दूरध्वनीच्या पडद्यावर दोन बोटें रुंदीचें चित्र दिसतें व त्याखालीं दोन ओळी. त्या चित्रासाठीं चित्रकार आठवडेच्या आठवडे खपतो. दोन ओळी कोणीही घाईनें भरतो, आणि त्याच जगभर जातात.

सर्व कसोट्यांस उतरणारें वेष्टन कोठें आहे काय, असें विचारल्यास एकाच उदाहरणाचा उल्लेख करावा लागतो. तें पृथ्वीवर नाहीं, आणि त्याचा संबंध गोव्याशीं येतो. १९७७ मध्यें अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन याने सोडलीं व प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी ठेविली. तींत ५५ भाषांतील अभिवादनें आहेत, त्यांत मराठीही आहे. आणि संगीताचे जे २७ नमुने आहेत त्यांत केरी गांवच्या केसरबाई केरकर ह्यांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे. तबकडीवरील ॲल्युमिनियमच्या आवरणावर कोरलेल्या आकृत्या पाहाव्यात. सुई कोठें ठेवावयाची हें दाखविलें आहे. एका फेरीस किती काळ लागावा हें हायड्रोजन अणूच्या मानांत दिलें आहे. आपल्या हिशेबानें तो ३.६ सेकंदांचा होतो, म्हणजे मिनिटास १६⅔ फेऱ्या. आपल्या जुन्या चकत्यांवर जो आंकडा नव्हता तो येथें, वाचणारास आपली भाषाच काय पण आपले आंकडेही ठाऊक नसतील असें धरून, लिहिला आहे. गांव म्हणून चौदा स्पंदकांवरून सूर्याचें स्थान दाखविलें आहे. आणि मिती म्हणून आवरणावर शुद्ध युरेनियमचा एक ठिपका चढविला आहे. त्याचा किती भाग क्षय पावला हें मोजून आवरण किती जुनें तें काढतां यावें. युरेनियमच्या त्या प्रकाराचा अर्धा क्षय व्हावयास साडेचार अब्ज वर्षें लागतात. शक व संवत् दोन्ही सांगणाऱ्या लेखकूंनींही कालनिर्देशाची एवढी काळजी घेतली नव्हती.

त्या तबकडीच्या मधल्या चकतीवर ‘पृथ्वीचे ध्वनि’ अशा अर्थाचें शीर्षक व राष्ट्राचें नांव आहे. मुद्रणांबरोबर जीं चित्रें सांठविलीं आहेत त्यांत अमेरिकेच्या अध्यक्षांचें निवेदन आहे, आणि कायदेमंडळांतील सभासदांच्या नांवांची यादीही आहे. आश्रयदात्याचें नांव बिरुदांसह लिहावें व पोथी लिहिणाराचें गाळावें, ही जुनी खोड आपण कित्येक हस्तलिखितांत पाहिली आहे. साच्याचा क्रमांक जेथें असावयाचा त्या शेवटच्या गुळगुळीत कड्यांत सर्व जगांतील व सर्व काळांतील संगीतकारांस उद्देशून एक अर्पणवाक्य हातानें कोरलेलें आहे. केसरबाईंचें नांव मात्र चकतीवर नाहीं, आवरणावरही नाहीं. पहिलें व्हॉयेजर ५ सप्टेंबरला सुटलें, आणि त्या १६ सप्टेंबरला वारल्या. ती भैरवी कोणाची हें सांगणारा कागद पृथ्वीवरच राहिला आहे.